आठ दिवसांच्या दोन बोटी

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीच्या मागच्या चौकात पत्र्याचं एक मोठं पिंप होतं. त्यात पाणी भरून, काठाला लाकडी फळी बांधून, बाबा दर रविवारी सकाळी बोटीचं इंजिन त्यात बुडवत आणि दोरी ओढून चालू करत. पाण्याबाहेर चालवलं तर ते तापून जाम होतं, म्हणून हा खटाटोप. एकदा ते सुरू झालं की पिंपातलं पाणी उकळी फुटल्यासारखं उसळायचं, खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि निळसर धूर दोन मजले चढून आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आई पोह्यांवर झाकण ठेवायची. बोलायचे ते तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. पेपर घडी करून ते खिडकीत येत आणि अगदी शांतपणे म्हणत, "सुभेदार, पानशेतचं पाणी एकदा इथवर येऊन आमची भांडीकुंडी घेऊन गेलं. तुम्ही त्याला परतभेट द्यायला निघालात, छान केलंत." बाबा इंजिन बंद न करताच त्यांना नमस्कार करत.

बाबा सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. नद्यांवर तरंगते पूल टाकायचे म्हणून तिथे बोटी होत्या, आणि एका हौशी अधिकाऱ्याने रिकाम्या वेळात जवानांना बोटीमागे दोर धरून फळ्यांवर उभं राहायला शिकवलं होतं. निवृत्त होऊन पुण्याला आले तेव्हा बाबांनी एवढी एकच गोष्ट बरोबर आणली. कुणी शेती घेतं, कुणी पिठाची गिरणी टाकतं. बाबांनी पानशेतच्या पाण्याकाठी एका शेतकऱ्याकडून जागा आणि पडवी भाड्याने घेतली, परवानगीचे कागद गोळा केले आणि लोकांना वॉटर स्कीइंग शिकवायचं ठरवलं. हे शब्द आमच्या आळीत कुणाला नीट उच्चारता येत नसत. आजी त्याला 'पाण्यावरचं घसरणं' म्हणायची.

माझ्या पहिल्या फळ्या बाबांनी घरीच केल्या. सागाच्या दोन लांब पट्ट्या रंधून घेतल्या, टोकं वर वळवण्यासाठी ती बंबातल्या उकळत्या पाण्यात धरून बसले, आणि मग विटांवर ठेवून, वाकवून, वरून आईचा पाटा दाबून ठेवला. दोन दिवस घरात वाटलेली चटणी नव्हती. पाय अडकवायला स्कूटरच्या ट्यूबचं रबर. त्या फळ्यांवर मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा पाण्यावर उभी राहिले, एका क्लबाच्या उसन्या बोटीमागे. जेमतेम चार सेकंद. पण त्या चार सेकंदांत पायाखालचं पाणी रस्त्यासारखं टणक झालं होतं, आणि ते तळव्यांना अजून आठवतं. आता वाघोलीत आमच्या अकराव्या मजल्यावरून खाली सोसायटीचा निळा तलाव दिसतो. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला त्यात उतरायची परवानगी आहे ती फक्त चालण्यासाठी. मी चालते. पाणी मऊ लागतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तो क्लब बंद झाला आणि उसनी बोट गेली. आता स्वतःची बोट घेणं आलं. माझगावला बोटी बांधणारे एक गृहस्थ बाबांच्या तुकडीतले होते. त्यांनी होळीनंतरच्या आठवड्यात एका ट्रकवर दोन बोटी पाठवून दिल्या आणि सोबत चिठ्ठी: आठ दिवस दोन्ही चालवा, एक ठेवा, एक परत करा. छोटी पांढरी, कोरी करकरीत, चौदा फुटी, मागे टांगायच्या इंजिनाची. तीन माणसं बसली की भरली. मोठी निळी, एकोणीस फुटी, थोडी वापरलेली, इंजिन पोटात. तिच्यात दहाजण बसत. छोटी कोरी आणि मोठी जुनी असल्यामुळे किमतीत फारसा फरक नव्हता, त्यामुळे पैशाने निर्णय होणार नव्हता. तो आम्हालाच करावा लागणार होता.

आम्ही चौघे आठ दिवसांसाठी पानशेतला जाऊन राहिलो. आई शाळेत शिकवत असे, तिने रजा काढली आणि पडवीत तीन दगडांची चूल मांडली. होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या पहिले दोन दिवस पुरल्या, मग पिठलं, भाकरी आणि शेतकऱ्याकडचं ताक. सकाळी जाग यायची ती पाण्यावरून येणाऱ्या टिटवीच्या ओरडण्याने. माझा भाऊ, दादा, तेव्हा डिप्लोमा संपवून घरी होता. यंत्रांशी तो माणसांपेक्षा जास्त बोलायचा. त्याने मोठ्या बोटीचं झाकण उघडून आतलं इंजिन पाहिलं आणि तिथेच त्याचा निर्णय झाला.

"बाबा, हिच्यात सहाजणांचं कुटुंब एका फेरीत बसेल," तो म्हणाला. "पुण्याहून लोक येतील. नुसत्या शिकवण्यावर हे चालणार नाही."

"मी फेऱ्या मारायला बसलेलो नाही," बाबा म्हणाले. "मला शिकवायचंय. शिकणाऱ्याला मागची लाट छोटी लागते. हिची लाट बघितलीस?"

बोट वेगात गेली की तिच्या मागे पाण्यात दोन बाजूंना दोन लाटा फाकत जातात. छोटीच्या लाटा घोट्याएवढ्या. नवखा माणूससुद्धा त्या ओलांडून जाईल. मोठीच्या लाटा गुडघ्याच्या वर. बाबांचं म्हणणं बरोबर होतं. पण छोटीची एक अडचण होती, आणि ती फक्त मला कळत होती. मी दोर धरून जोरात उजवीकडे वळले की तिचं शेपूट माझ्या मागे ओढलं जायचं, आणि एका फळीवर उभं राहायला जो पहिला हिसका लागतो तो देण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती. दोन्ही पाय एकाच फळीत घालून मी पाण्यात बसायचे, दोर ताणला जायचा, छोटी घुं घुं करत राहायची आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन बुडायचे. तीन दिवसांत एकदाही जमलं नाही. उन्हाळ्यात मुंबईला निवड चाचणी होती आणि तिथे एकाच फळीवर वळणं घ्यावी लागणार होती.

चौथ्या दिवशी मोठीच्या मागे मी पहिल्याच प्रयत्नात उभी राहिले. दादाने एकदम वेग दिला, आणि कुणीतरी बखोटीला धरून उचलावं तशी मी पाण्याबाहेर आले. तो सरळ रेघेत निघाला, मी कितीही ओढलं तरी बोटीचं शेपूट हलेना. बाबा माझ्याकडे तोंड करून बसले होते. मागच्या माणसावर नजर ठेवायला बोटीत एकजण लागतोच. मी हसत होते ते त्यांना दिसलं असणार. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता मी म्हणून टाकलं, "मला मोठी आवडली." दादाने माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवला. बाबांनी ताक मागितलं.

सहाव्या दिवशी पानशेतचा बाजार होता. पलीकडच्या काठाला तेव्हा धड रस्ता नव्हता. तिकडच्या वाड्यांमधली माणसं रोजच्या कामाला आणि बाजाराला गंगाराम नावाच्या माणसाच्या होडीतून येत आणि दुपारी परत जात. लाकडी, सपाट बुडाची, लांब बांबूने आणि वल्ह्याने चालणारी होडी. तिचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असायचा. आम्ही रोज ती पाहत होतो. हात हलवत होतो.

त्या दुपारी दादा मोठी चालवत होता, बाबा माझ्याकडे तोंड करून बसलेले, मी मागे एका फळीवर. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. होडी मला दिसली. लाटेच्या बाहेर मी इतकी लांब गेले होते की बोटीच्या पुढचंही मला दिसत होतं. दादालाही दिसली असावी, कारण इंजिनाचा आवाज उतरला आणि दोर किंचित सैल पडला. दोर सैल पडला की माणूस बुडायला लागतो. माझं वळण अर्ध्यावर होतं, त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं वळण. मी अंगठा वर केला. बाबा म्हणाले असणार, वाढव. दादाने वाढवला. होडीपासून आम्ही चांगले लांबून गेलो. मला वाटलं, झालं, गेलो.

लाट मागाहून येते. बोट गेल्यावर, सगळं शांत झाल्यासारखं वाटल्यावर, ती सरकत सरकत पोचते. मी वळणाच्या टोकाला मागे पाहिलं तेव्हा होडी आडवी उचलली जात होती. पुढच्या क्षणी ती पालथी होती आणि पाण्यावर लुगड्यांचे रंग पसरले होते.

मी दोर सोडला. फळी पायातून काढली आणि ती पुढे ढकलत पोहत सुटले. अंगात तरंगणारं जाकीट होतं, त्यामुळे वेग येत नव्हता, पण ते काढायचं सुचलं नाही. गंगारामने दोघींना पालथ्या होडीच्या बुडाला धरायला लावलं होतं आणि तिसरीला ओढत होता. सात बायका होत्या. सगळ्यात म्हाताऱ्या सोनाबाई होडीपासून दूर गेल्या होत्या. त्यांचं डोकं खाली जायचं, वर यायचं, आणि एका हातात त्यांनी कोंबडीची पाटी धरलेली होती. मी फळी त्यांच्या काखेत घातली.

"आजी, ही धरा. पाटी सोडा."

"कोंबडी हाय ती," त्या म्हणाल्या, आणि सोडली नाही.

मी फळी धरून पाय मारत राहिले. किती वेळ, ते मला कधीच सांगता आलं नाही. मग मोठीचं इंजिन अगदी हळू, धापा टाकल्यासारखं जवळ आलं आणि बाबांचे हात दिसले. दादाने बोट कुणाला लागणार नाही अशी आडवी लावली, इंजिन बंद केलं, आणि दोघांनी एकेकीला वर घेतलं. सगळ्या सातजणी, गंगाराम, शेवटी मी, आणि कोंबडी. अकरा माणसं दाटीवाटीने, एकाच खेपेत काठाला आली. कुणी गेलं नाही. हे वाक्य मी आज लिहू शकते, आणि लिहिताना अजून क्षणभर थांबते.

बाजार मात्र बुडाला. मीठ, तेल, मिरच्या, एकीने लेकीसाठी घेतलेलं नवं लुगडं. आईने चूल पेटती ठेवली होती. तिने स्वतःच्या आणि माझ्या सगळ्या साड्या, चादरी, बाबांची धोतरं काढून दिली आणि गुळाचा चहा करत राहिली. दादा गंगारामसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, चालवत मी होतो. चूक माझी आहे."

गंगाराम बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता. काडेपेटी भिजलेली होती. "आता चूक कुनाची म्हनून काय करायचं," तो म्हणाला. "आमच्या पान्याला अशी लाट नसती. तुमची नाव लांबनं गेली, म्हनून बायांनी काठ सोडला आन् बोलत बसल्या. मागनं ही लाट आली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून फळीवरचं रबर सोलत होते.

दादा आणि आई त्याच दुपारी बाजारात गेले आणि आठवेल ते सगळं परत घेऊन आले. बाबांनी ट्रकच्या चार जुन्या ट्यूबा मिळवून, हवा भरून, होडीच्या दोन्ही बाजूंना बांधून दिल्या. गंगारामने त्या पुढे कित्येक वर्षं काढल्या नाहीत.

दिवेलागणीला आम्ही चौघे पिठल्याभोवती बसलो. कुणी जेवत नव्हतं. सुरुवात बाबांनी केली.

"मोठी परत जाईल."

"का?" दादा म्हणाला. "आज छोटी असती तर एका खेपेत दोघींना आणता आलं असतं. बाकीच्यांनी काय केलं असतं?"

"छोटी असती तर होडी उलटलीच नसती."

"हे तुम्ही आत्ता म्हणताय. उद्या वाऱ्याने उलटली तर? सगळ्यांना उचलायला बोट कुठली असेल?"

दोघेही बरोबर होते. इतक्या वर्षांत मी हे शेकडो वेळा मनात मांडून पाहिलं आहे, आणि दर वेळी दोघेही बरोबरच निघतात. ज्या बोटीने त्यांना बुडवलं तिनेच त्यांना उचललं. आईने हात धुतला आणि म्हणाली, "दोर सुलूच्या हातात होता. तिला विचारा."

मी सांगितलं. दादाने वेग कमी केला होता, आणि अंगठा मी वर केला होता, हे सांगितलं. होडी मला दिसली होती, हेही. बाबा म्हणाले, "मला माहीत आहे. वाढव म्हणून मीच सांगितलं." दादा म्हणाला, "चाक माझ्या हातात होतं. तुम्ही दोघं काहीही म्हणा." मग तिघेही माझ्याकडे बघत राहिले.

मला मोठी हवी होती. त्या क्षणीसुद्धा. तो पहिला हिसका, पाण्यातून उचललं जाणं, ते मला इतकं हवं होतं की त्याचीच भीती वाटली. माझ्यासाठी खोटी कबुली देऊन आलेला भाऊ समोर बसला होता, आणि मी म्हटलं, "छोटी ठेवू."

"तू बाबांसारखीच," दादा म्हणाला.

तसं नव्हतं. बाबांना वाटलं मी तत्त्व म्हणून बोलले, दादाला वाटलं मी बाबांच्या बाजूला गेले. खरं एवढंच होतं, की मला माझ्या अंगठ्याचा भरवसा उरला नव्हता. मोठीच्या मागे असले की तो पुन्हा वर जाणार, हे मला ठाऊक होतं. पण हे अठराव्या वर्षी मला बोलता आलं नाही. ताट उचलून मी मोरीवर गेले.

आठव्या दिवशी ट्रक आला. मोठीला दादाने स्वतः दोर बांधले, तिचं इंजिन पुसलं, वरून ताडपत्री घातली. ट्रक वळणाआड गेला तरी तो रस्त्यावरच उभा होता.

उन्हाळ्यातल्या चाचणीत मी पडले. तिथली बोट मोठी होती आणि तसली लाट ओलांडायची मला सवयच नव्हती. दुसऱ्या वळणाला लाटेने फळीचं टोक धरलं आणि मी तोंडावर आपटले. परीक्षक भले होते, म्हणाले पुढच्या वर्षी या. घरी आल्यावर हेडमास्तरांनी खिडकीतून विचारलं, "काय, पोहून आलीस की घसरून?" मी खरं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

पावसाळ्याआधी दादा माझगावला गेला, त्या बोटी बांधणाऱ्या गृहस्थांकडे नोकरीला. पत्रं आईच्या नावाने येत. 'सर्वांना नमस्कार' एवढ्यात मी आणि बाबा बसत असू. छोटी मात्र पानशेतला नीट चालली. चार-पाच शिकणारे यायला लागले, त्यात दोन मुली. होडी दिसली की बाबा इंजिन बंद करत आणि मागचा माणूस पाण्यात बसून ती जाईपर्यंत वाट बघे. मी तर सगळ्यात जास्त वेळा बसले.

दादा दिवाळीला आला. भाऊबीजेला मी ओवाळलं, त्याने पाकीट ठेवलं, दोघेही उगीचच हसलो. दुसऱ्या दिवशी बाबांची कंबर धरली होती, म्हणून ते म्हणाले, तूच ने हिला. आम्ही पानशेतला गेलो. दादा छोटीच्या चाकावर बसला आणि शेतकऱ्याच्या थोरल्या सुनेला मागे बघायला बसवलं. वाटेत आमचं बोलणं फक्त पेट्रोलबद्दल झालं.

मी दोन फळ्यांवर उठले होते, एक सोडायच्या बेतात होते, तोच इंजिन बंद झालं. मी खुणेला हातही उचलला नव्हता. गळ्यापर्यंत गार पाण्यात बसून मी पाहिलं, लांबवर होडी येत होती. दादा चाकावरचे हात काढून बसला होता. होडी अगदी सावकाश, दोन्ही बाजूंच्या काळ्या ट्यूबा मिरवत, आमच्या दोघांच्या मधून जायला लागली. पुढे सोनाबाई बसल्या होत्या. त्यांनी दादाला ओळखलं.

"का रं, तुमची ती मोठी नाव कुटं गेली?"

"परत पाठवली, आजी."

"आन् का? चांगली व्हती की. आमाला समद्यास्नी एका टायमाला घेतलं तिनं. ही काय, ही तर खेळन्यातली दिसती."

होडीतल्या बायका हसल्या. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाण्यावर माझं फक्त डोकं होतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं."

मग तो हसायला लागला. आठ महिन्यांत मनापासून न हसलेला माणूस हसतो तसा, चाकावर कपाळ टेकून. शेतकऱ्याची सून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मलाही हसू आलं, पाणी तोंडात गेलं, ठसका लागला. होडी पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत आम्ही थांबलो.

"एकाच फळीवर उठतेस का बघू," तो म्हणाला. "हिच्यात ताकद नाही, पण मी हळूहळू वेग देतो. तू लवकर उठायची घाई करू नकोस."

मी पडले. तो वळसा घालून आला आणि दोराची दांडी बरोबर माझ्या हाताशी आणून दिली. मी पुन्हा पडले. तो पुन्हा आला. ऊन उतरेपर्यंत मी किती वेळा पडले ते त्या सुनेने मोजलं असेल, आम्ही मोजलं नाही. दर वेळी तो तितकाच हळू वळायचा, लाट माझ्या अंगावर येणार नाही इतका हळू, आणि दांडी हातात आली की विचारायचा, "धरलीस?" आणि मी म्हणायचे, "धरली."